रक्तकेंद्राच्या खरेदीवर विश्वस्तांनी लक्ष कसे ठेवावे

पुण्यातील एका धर्मादाय संस्थेवर नुकतेच विश्वस्त म्हणून आलेल्या गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. त्यांची संस्था रक्तकेंद्र, म्हणजे रक्तपेढी, चालवते. एलायझा किट (रक्तातला संसर्ग तपासण्याचे संच) आणि रक्तपिशव्या गेली काही वर्षे एकाच वितरकाकडून घेतल्या जातात आणि त्यावर एका जुन्या सभासदाने लेखी तक्रार केली आहे. अध्यक्षांनी उपाय सुचवला आहे तो असा की, यापुढे प्रत्येक खरेदी तीन विश्वस्तांच्या समितीने मंजूर करावी आणि जो सर्वांत कमी दर देईल त्यालाच पुरवठ्याचे काम द्यावे. एवढे पुरेसे आहे का, असे त्यांनी विचारले आहे. आणि त्याच ओघात हेही विचारले आहे की, इतर काही देशांप्रमाणे आपल्याकडे एकच राष्ट्रीय रक्तसेवा असती तर असे प्रश्न उद्भवलेच नसते का.

माझ्या मते हा उपाय अपुरा आहे, आणि सर्वांत कमी दराचा नियम रक्ताच्या बाबतीत जसाच्या तसा लावला तर तो धोक्याचाही आहे. मी बरीच वर्षे पुण्यातच रक्तसंक्रमण अधिकारी, म्हणजे रक्तकेंद्राची वैद्यकीय जबाबदारी सांभाळणारा डॉक्टर, म्हणून काम केले आणि नंतर काही धर्मादाय रक्तकेंद्रांच्या खरेदी समित्यांवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून बसलो. त्या अनुभवावरून सांगतो की विश्वस्तांचे लक्ष बहुतेक वेळा दरपत्रकांच्या तुलनात्मक तक्त्यावर खिळलेले असते. तो तक्ता ते बारकाईने पाहतात, त्यावर सह्या करतात आणि निश्चिंत होतात. घेतलेले किट आणि पिशव्या पुढे कुठे गेल्या, किती वापरल्या, किती बाद झाल्या, याचा कागद मात्र मंडळासमोर सहसा येतच नाही. तुमच्या प्रश्नाचे मर्म मला तिथे दिसते. दात्याने दिलेल्या प्रत्येक पिशवीची ठरलेली प्रत्येक तपासणी, योग्य दर्जाच्या किटने, खरोखर झाली आहे हे मंडळाला कशावरून कळते, याचे उत्तर देता आले तर खरेदीवर तुमचे लक्ष आहे असे म्हणता येईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. तुमचे केंद्र वर्षाला तीन हजार पिशव्या गोळा करते की तीस हजार, रक्तघटक (तांबड्या पेशी, प्लाझ्मा वगैरे) वेगळे करण्याचा परवाना आहे की नाही, संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे की केंद्र स्वतंत्र आहे, यावर बरेच काही ठरते. शासकीय केंद्रांची खरेदी निराळ्या नियमांनी चालते. तिथे शासकीय खरेदी पोर्टल आहे आणि महाराष्ट्रात २०२३ पासून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही आहे. मी पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः ट्रस्टच्या, मध्यम आकाराच्या केंद्राला धरून आहे.

वितरक एकच आहे एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, हेही तुमच्या तक्रारदाराला समजावून सांगावे लागेल. तपासणीची बरीच स्वयंचलित यंत्रे अशी असतात की त्यांवर त्याच कंपनीचे किट चालते. कंपनी यंत्र बिनपैशाचे बसवून देते आणि त्या बदल्यात ठराविक वर्षे तिचेच किट घेण्याचा करार होतो. असा करार झाला की पुढची सर्व वर्षे दरपत्रके मागवणे हा केवळ उपचार उरतो, कारण स्पर्धा यंत्र बसले त्याच दिवशी संपलेली असते. म्हणून अशा केंद्रात मंडळाने खरा वेळ द्यायचा तो मूळ कराराला: मुदत किती, किटचा दर दरवर्षी किती वाढू शकतो, किमान किती किट घेण्याचे बंधन आहे, यंत्र बंद पडल्यास किती तासांत दुरुस्ती आणि तोवर तपासणी कशावर, करार मध्येच सोडायचा झाल्यास काय द्यावे लागेल. मी पाहिलेल्या एका संस्थेत हा करार प्रयोगशाळेच्या पर्यवेक्षकाच्या सहीने झाला होता आणि मंडळातल्या कोणीही तो वाचलेला नव्हता. करार वाईट नव्हता, पण संस्थेचा पुढील पाच वर्षांचा सर्वांत मोठा खर्च अशा रीतीने बांधला गेला होता की ज्यांच्यावर कायद्याने जबाबदारी आहे त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

खर्चाचा ताण येतो कुठून, हे समजल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी १९९६ मधील निकालाने राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन झाल्या, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. त्यामुळे रक्ताला किंमत नाही. रुग्णाकडून घ्यायचे ते प्रक्रिया शुल्क, आणि त्याची कमाल मर्यादा परिषद ठरवते. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत बिगर शासकीय केंद्रांसाठी तांबड्या पेशींच्या एका पिशवीला १,४५० रुपये अशी मर्यादा होती, ती पुढे सुधारली गेली. थॅलेसेमियासारख्या आजाराच्या रुग्णांना, ज्यांना आयुष्यभर रक्त लागते, ते विनामूल्य द्यायचे असते. म्हणजे उत्पन्नाला वरून झाकण आहे आणि पगार, वीज, शिबिरांची वाहतूक यांत फारसे काटता येत नाही. काटकसरीचा हात मग किट आणि पिशव्यांकडेच वळतो. अध्यक्षांची सूचना वाईट हेतूने आलेली नाही, हे मी जाणतो. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली रक्त हे औषध आहे, तुमचे केंद्र परवानाधारक उत्पादक आहे, आणि किटचा दर्जा घसरला तर त्याचे परिणाम भोगणारा रुग्ण तुमच्या सभेला हजर नसतो.

आता समितीबद्दल. तीन विश्वस्तांनी प्रत्येक खरेदी मंजूर करण्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, विश्वस्त खरेदी करू लागले की खरेदीवर देखरेख करायला कोणी उरत नाही. उद्या त्याच खरेदीबद्दल तक्रार आली तर ती ऐकणार कोण, ज्यांनी सही केली तेच ना? दुसरी अडचण वेळेची. समितीची बैठक महिन्याला एकदा होणार, गणेशोत्सवात शिबिरे एकावर एक येणार, पिशव्या अचानक कमी पडणार, आणि मग सगळेच आणीबाणीची खरेदी म्हणून समितीला वळसा घालून होऊ लागणार. कडक नियम केला आणि तो पाळणे अशक्य झाले की लोक अपवादाच्या वाटेने जातात, आणि त्या वाटेवर दिवा कोणी लावलेला नसतो.

त्यापेक्षा चार कामे चार वेगळ्या हातांत ठेवावीत असे मी सुचवीन. काय हवे आणि कोणत्या दर्जाचे, हे रक्तसंक्रमण अधिकाऱ्याने लेखी द्यावे. कोणाकडून आणि कोणत्या दराने, हे खरेदी समितीने ठरवावे. तिच्यात प्रशासक, तांत्रिक प्रमुख, लेखाधिकारी आणि बाहेरच्या केंद्रातला एखादा जाणकार असावा, आणि विश्वस्त असलाच तर एकच. आलेला माल तपासून स्वीकारणे हे गुणवत्ता व्यवस्थापकाचे काम. बिल चुकते करणे लेखा विभागाचे, तेही खरेदी आदेश, चलन आणि स्वीकृतीची नोंद हे तिन्ही जुळल्यावरच. मंडळाने मंजूर करायच्या त्या वार्षिक दरकरार, यंत्रांचे करार आणि एका ठरलेल्या रकमेवरची खरेदी. ती रक्कम किती, हे तुमच्या उलाढालीवर ठरेल. लहान केंद्रात चार वेगळी माणसे मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. तिथे निदान मागणी करणारा आणि माल स्वीकारणारा एकच नसावा, एवढे तरी पाळावे.

यातले पहिले काम, म्हणजे विनिर्देश (काय आणि कोणत्या दर्जाचे हवे याचे लेखी वर्णन) लिहिणे, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण बरीचशी पक्षपाती खरेदी तिथेच पक्की होते. विनिर्देशात एकाच उत्पादनाला लागू पडेल असा एखादा आकडा किंवा आकार घातला की निविदा कितीही उघडपणे काढली तरी निकाल ठरलेला असतो. उलट विनिर्देश अगदी मोघम ठेवला तर काहीही चालते. रक्तपिशवीचेच उदाहरण घ्या. कागदावर सर्व तिहेरी पिशव्या सारख्याच दिसतात: ३५० किंवा ४५० मिलिलिटर, आत गोठणरोधक द्रावण, दोन जोडपिशव्या. फरक कळतो तो सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्तघटक वेगळे करण्यासाठी पिशवी फिरवणाऱ्या यंत्रात. पिशवी जोराने फिरते तेव्हा कडेच्या जोडावर ताण येतो, आणि जोड कच्चा असेल तर बकेटच्या तळाशी तांबडा ओघळ दिसतो. ती पिशवी बाद, त्या दात्याचे दान वाया, आणि सेंट्रिफ्यूज निर्जंतुक करण्यात तासभर जातो. सुईचेही तसेच आहे. सुई बोथट असेल तर तंत्रज्ञाला दुसऱ्यांदा टोचावे लागते, आणि पहिल्यांदाच रक्त द्यायला आलेला कॉलेजचा मुलगा पुन्हा येत नाही. यातले काहीही दरपत्रकात दिसत नाही. म्हणून दरकरार करण्यापूर्वी प्रत्येक इच्छुक पुरवठादाराच्या नमुना पिशव्या प्रत्यक्ष कामात वापरून पाहाव्यात, गळती, सुई, नळीचे सील आणि लेबलाचा चिकटपणा या चार मुद्द्यांवर तंत्रज्ञांची लेखी नोंद घ्यावी, आणि ती नोंद तांत्रिक लिफाफ्याचा, म्हणजे दर पाहण्याआधी तपासायच्या दर्जाविषयीच्या कागदांचा, भाग मानावी. त्यात जे उत्तीर्ण होतील त्यांच्यातच सर्वांत कमी दर पाहावा. या क्रमाने गेलात तर कमी दराच्या नियमाला माझा विरोध नाही.

किटच्या दरात आणखी एक गोम आहे. समजा तुमची प्रयोगशाळा रोज चाळीस नमुने एलायझाने तपासते. प्रत्येक खेपेला किटमधले पाच-सहा कप्पे कंट्रोलसाठी, म्हणजे तपासणी बरोबर चालली आहे का हे दाखवणाऱ्या ज्ञात नमुन्यांसाठी, जातात, म्हणजे चाळीस निकालांसाठी पंचेचाळीस तपासण्या खर्ची पडतात. प्रतिक्रियाशील, म्हणजे संसर्गाची शंका दाखवणारे, नमुने पुन्हा तपासायचे, त्याचे वेगळे. हेच नमुने दिवसाला वीसच असतील तर कंट्रोलचा वाटा दुप्पट होतो. म्हणून किटच्या किमतीला किटवर छापलेल्या तपासण्यांच्या संख्येने भागून निघणारा दर फसवा आहे. निविदेत दर मागवावा तो एका निकालाचा, ज्यात कंट्रोल, कॅलिब्रेटर, धुण्याचे द्रावण, टिप्स आणि यंत्राची देखभाल हे सर्व धरलेले असेल. असा दर मागवला की सर्वांत स्वस्त वाटलेला पुरवठादार पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तुम्ही बाकी सगळे विसरलात तरी एवढे लक्षात ठेवा असे म्हणेन. दर तीन महिन्यांनी मंडळासमोर एक पान यायला हवे: तिमाहीच्या सुरुवातीचा किटचा साठा, खरेदी, शेवटचा साठा, त्यावरून निघणारा वापर, आणि त्याच काळात गोळा झालेल्या पिशव्या. एचआयव्ही, कावीळ ब आणि कावीळ क या तिन्हींसाठी वेगवेगळे. गोळा झालेल्या प्रत्येक पिशवीची या तिन्हींसाठी आणि शिवाय सिफिलिस व मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. तेव्हा तीन हजार पिशव्यांमागे साधारण साडेतीन हजारांच्या आसपास तपासण्या लागल्या तर कंट्रोल आणि फेरतपासणी धरून ते समजण्यासारखे आहे. पाच हजार लागल्या तर विचारायला हवे: किट मुदतबाह्य झाले का, यंत्र वारंवार खेप बाद करते आहे का, की साठा दुसरीकडे जातो आहे? आणि अडीच हजारच लागल्या असतील तर तो प्रश्न पैशांचा राहतच नाही. त्याचा अर्थ एवढाच होतो की काही पिशव्या न तपासता रुग्णाला गेल्या असण्याची शक्यता आहे. काटकसर म्हणून जिचे कौतुक होते ती बचत प्रत्यक्षात कशातून आली, हे या एका पानावरून कळते. दुसऱ्या कोणत्याही कागदावरून ते इतक्या लवकर कळत नाही.

या पानासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. नियमांनुसार केंद्राला तपासणीच्या किट व अभिकर्मकांची (तपासणीच्या रसायनांची) नोंदवही ठेवावीच लागते, तिच्यात किटचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि वापराची तारीख असते. रक्तपिशव्यांचीही उत्पादक, बॅच आणि पुरवठ्याच्या तारखेसह वेगळी नोंद असते. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक येतात तेव्हा याच वह्या पाहतात. मंडळाने फक्त त्या नोंदींची बेरीज लेखा विभागाच्या बिलांशी ताडून पाहायची आहे. पिशव्यांचा ताळा तर आणखी सोपा: शिबिराला नेलेल्या पिशव्या, भरलेल्या, दुसऱ्यांदा टोचावे लागल्यामुळे वा वजन कमी भरल्यामुळे बाद झालेल्या, आणि परत आणलेल्या. बेरीज जुळलीच पाहिजे. हा ताळा प्रयोगशाळेने स्वतःचा स्वतः करू नये. अंतर्गत लेखापरीक्षकाला अर्धा दिवस तंत्रज्ञांसोबत बसवले तर तो हे काम शिकतो.

माल स्वीकारण्याबद्दल थोडे सांगतो, कारण चांगली खरेदी तिथे मातीमोल होऊ शकते. एलायझाचे किट बहुतेक २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. खोके शनिवारी संध्याकाळी येते, स्टोअर बंद झालेले असते, सुरक्षारक्षक चलनावर सही करतो आणि खोके सोमवार सकाळपर्यंत जिन्याखाली राहते. मे महिन्यातल्या पुण्यात त्या खोक्यातला बर्फ किती वेळ टिकेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून करारातच लिहावे की माल कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळेत आणि तापमान नोंदणाऱ्या उपकरणासह यावा. आल्यावर तापमान, बॅच आणि शिल्लक मुदत या तिन्हींची नोंद व्हावी. आणि नियम मोडून आलेला माल परत करण्याचा अधिकार गुणवत्ता व्यवस्थापकाला कोणालाही न विचारता असावा. मुदत संपत आलेले किट सवलतीत देण्याची पद्धत सर्रास आहे. सवलत पाहून कोणी ते घेते आणि तिमाहीअखेर अर्धे फेकावे लागते. प्रत्येक नवी बॅच वापरात घेण्यापूर्वी ज्ञात नमुन्यांवर पडताळून पाहणे आणि बाह्य गुणवत्ता चाचणीत (बाहेरच्या प्रयोगशाळेने पाठवलेले नमुने तपासून निकाल ताडून पाहण्यात) नियमित भाग घेणे, या दोन्हींचे निकालही मंडळाने मागावेत. एचआयव्ही तपासणीच्या गुणवत्तेबाबत मार्गदर्शन करणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तर आपल्या शेजारीच, भोसरीला आहे.

हितसंबंधांविषयी स्पष्ट लिहितो. विश्वस्त, अधिकारी आणि समितीचे सदस्य यांनी दरवर्षी लेखी द्यावे की कोणत्याही पुरवठादाराशी त्यांचे किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे आर्थिक संबंध नाहीत, आणि असतील तर कोणते. संबंध असणे हा गुन्हा नाही. पुण्यासारख्या शहरात वैद्यकीय व्यवसायातली माणसे एकमेकांना ओळखतातच. पण तो विषय निघाला की त्या व्यक्तीने बैठकीतून बाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात नोंदवले जावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली लेखापरीक्षकाने द्यायच्या अहवालाचा नमुना पाहा. पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का, असे त्यात विचारलेले असते. किटच्या खरेदीबद्दल असा प्रश्न नाही. त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडे दिलेला अहवाल स्वच्छ आहे म्हणून खरेदीही स्वच्छ असणार, असे मानून मंडळे गाफील राहतात. लेखापरीक्षकाच्या नियुक्तीपत्रातच किट, पिशव्या आणि यंत्रांच्या खरेदीची तपासणी वेगळी घालून घ्या.

खरेदी म्हणून ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशा दोन वाटा आहेत. पहिली प्लाझ्माची. रक्तघटक वेगळे करणाऱ्या केंद्राकडे वापरून उरलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) साठतो आणि तो औषधनिर्मितीसाठी जातो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये अशा अतिरिक्त प्लाझ्माचे विनिमय मूल्य लिटरमागे १,६०० रुपये ठरवले, आणि त्याच्या बदल्यात साहित्य, उपकरणे किंवा प्लाझ्मापासून बनलेली उत्पादने घेता येतील असे म्हटले. म्हणजे एका बाजूने प्लाझ्मा जातो आणि दुसऱ्या बाजूने पिशव्या किंवा डीप फ्रीजर येतो. बिल नसल्यामुळे हा व्यवहार खरेदी समितीसमोर येत नाही, आणि आलेल्या वस्तूंचे मूल्य कोणी लावत नाही. तो दात्यांच्या रक्ताचा मोबदला आहे. त्याचा हिशेब तर पैशांपेक्षाही काटेकोर असायला हवा.

दुसरी वाट शिबिरांच्या खर्चाची. आपल्याकडे मंडळे आणि कार्यकर्ते मनापासून शिबिरे घेतात आणि शहराचा मोठा आधार तोच आहे. पण काही आयोजक दात्यांसाठी भेटवस्तूंची अपेक्षा ठेवतात, केंद्रांमध्ये त्यावरून चढाओढ लागते आणि हा खर्च प्रचार किंवा चहापान या नावाखाली टाकला जातो. आमिष दाखवून घेतलेले रक्त ऐच्छिक रक्तदानाच्या तत्त्वाला सोडून आहे, आणि दाता वस्तूसाठी आला असेल तर आजार लपवण्याची शक्यता वाढते. त्यामुळे हा हिशेबाइतकाच रुग्णाच्या सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. माझा सल्ला असा की या शीर्षाखालचा प्रत्येक खर्च मंडळासमोर शिबिरवार ठेवावा आणि भेटवस्तूंचा खर्च ठरावाने बंद करावा. शिबिरे कमी होतील अशी भीती घातली जाईल. काही काळ थोडी कमी होतीलही.

आता एकाच राष्ट्रीय सेवेबद्दल. आपल्याकडे राष्ट्रीय परिषद धोरण ठरवते, परवाने औषध प्रशासन देते, आणि केंद्रे शासन, रुग्णालये, रेडक्रॉस, ट्रस्ट अशी अनेकांची आहेत. एकच सेवा असती तर दर चांगले मिळाले असते आणि दर्जाही सर्वत्र सारखा ठेवणे सोपे गेले असते, हे खरे. पण केंद्रीकरणाने देखरेख आपोआप येत नाही. फ्रान्समध्ये रक्तदात्यांची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली ती १ ऑगस्ट १९८५ पासून. त्याआधीच, मार्च १९८५ मध्ये, एका अमेरिकी कंपनीच्या चाचणीला अमेरिकेत परवाना मिळालेला होता; फ्रान्समध्ये मात्र देशी चाचणी तयार होईपर्यंत तिची मान्यता रेंगाळत ठेवली गेली. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांना विषाणू मारणारी उष्णताप्रक्रिया न केलेली, रक्तापासून बनवलेली औषधे दिली जात राहिली, आणि तिथल्या राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राच्या तत्कालीन प्रमुखांना १९९२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. खरेदीचा निर्णय कोणाच्या सोयीने लांबला, हाच त्या प्रकरणातला एक मोठा प्रश्न होता. कॅनडात अशाच दूषित रक्ताच्या चौकशीचा अहवाल १९९७ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी रक्तसेवा रेडक्रॉसकडून काढून नव्या संस्थांकडे दिली गेली. आपल्याकडेही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमासाठी मध्यवर्ती पातळीवर घेतलेल्या तपासणी किटच्या दर्जाबद्दल जागतिक बँकेच्या जानेवारी २००८ मधील अहवालाने गंभीर आक्षेप नोंदवले होते. मागणी, निवड, स्वीकृती आणि देखरेख एकाच साखळीत अडकली की संस्था राष्ट्रीय असो वा पेठेतला ट्रस्ट असो, दोष तोच राहतो. मोठ्या संस्थेत तो अधिक लोकांपर्यंत पोहोचतो, एवढाच फरक.

म्हणून तुम्ही तुमच्या मंडळापुरते काम हातात घ्या. येत्या बैठकीत तीन कागद मागा: यंत्राचा मूळ करार, गेल्या चार तिमाहींचा किट आणि पिशव्यांचा ताळा, आणि आणीबाणीची म्हणून झालेल्या सर्व खरेदीची यादी. त्या यादीत मर्यादेच्या जरा खाली रक्कम ठेवून एकाच आठवड्यात निघालेले दोन-तीन आदेश आहेत का, ते पाहा. तक्रारदार सभासदाला पोच द्या आणि ठराविक मुदतीत लेखी उत्तर देऊ असे कळवा. त्यांच्या तक्रारीची चौकशी खरेदीवर सही असलेल्या कोणाकडेही देऊ नका. रक्तसंक्रमण अधिकाऱ्याला मंडळासमोर थेट, प्रशासकाला न विचारता, बोलण्याचा हक्क ठरावाने द्या, कारण निकृष्ट किटबद्दल सर्वांत आधी त्यांनाच कळते आणि सर्वांत आधी गप्प बसवले जाते तेही त्यांनाच.

आणि ताळ्यात किटचा वापर पिशव्यांपेक्षा कमी निघाला, किंवा एखाद्या बॅचवर शंका आली, तर क्रम चुकवू नका. वितरकाला नोटीस, बिल थांबवणे, वर्तमानपत्रांना काय सांगायचे याची चर्चा, हे सगळे नंतर. त्या दिवशीच त्या काळातल्या शिल्लक पिशव्या वेगळ्या काढा, राखून ठेवलेले नमुने हाती असतील तर दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासा, वितरित झालेल्या पिशव्या कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या रुग्णाला गेल्या याची यादी करा, आणि अन्न व औषध प्रशासनाला तसेच राज्य रक्तसंक्रमण परिषदेला स्वतःहून कळवा. दोषी कोण हे चौकशीत ठरेल. त्या यादीतल्या रुग्णांपर्यंत पोहोचायला मात्र चौकशी संपेपर्यंत थांबता येणार नाही.